बावन्नावं वाक्य

घर सोडायला नऊ दिवस उरले होते आणि सुन-ओकचा मुलगा खोलीतून बाहेर येत नव्हता.

दोन वर्षं सात महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, ग्यूहा नोकरीची मुलाखत देऊन दुपारी घरी आला. दारात बूट काढले, जोडीनं नीट लावून ठेवले, आपल्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आता सत्तावीस. वडील तो आठवीत असतानाच गेले होते. सुन-ओक शाळेच्या भटारखान्यात कामाला गेली की तो न्हाणीघर वापरी आणि रिकामं ताट धुऊन दाराबाहेर ठेवी. पहिल्या वर्षी तो हाकेला ‘हं’ म्हणे. दुसऱ्या वर्षी तेही थांबलं. फोन केव्हाच बंद होता. आता आतून ऐकू येई ते खुर्चीच्या चाकांचं घरंगळणं आणि क्वचित खोकला.

बुचॉनमधली ती पाच मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नसलेली. यांचं घर चौथ्या मजल्यावर. करार संपला होता, मालकाचा मुलगा लग्न करून तिथे राहायला येणार होता, आणि सुन-ओकनं इंचॉनच्या पलीकडे दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. त्यासाठी ठरलेला शनिवारचा दिवसही चांगला होता. त्या दिवशी घर हलवलं तर कुठल्याही दिशेला भुताखेतांची आडकाठी नसते, असं भटारखान्यातल्या सगळ्या बायकांनी पंचांग बघून सांगितलं होतं. सुन-ओकनं ही बातमी बंद दारातून तीनदा सांगितली. तारीख, वेळ आणि नव्या घराचा पत्ता कागदावर लिहून दाराखालून सरकवला. कागद आत गेला. उत्तर आलं नाही.

सामान हलवणाऱ्यांचा माणूस घर बघायला आला तेव्हा अडचण आणखी वाढली. अशा इमारतींतून सामान जिन्यानं उतरत नाही. रस्त्यावर गाडी उभी राहते आणि तिची लांब शिडी खिडकीला टेकते, त्या शिडीवरून पेट्या सरकत खाली येतात. त्या माणसानं मागच्या खिडक्यांतून डोकावून बघितलं आणि मान हलवली.

“मागं सगळं तारांचं जंजाळ आहे, काकू. शिडी रस्त्याच्या बाजूलाच लागणार. म्हणजे या खोलीला.” त्यानं बंद दाराकडे बोट केलं. “ही आधी रिकामी हवी. आत कोण असतं?”

“मुलगा. अभ्यास करतो.”

“शनिवारी सकाळी आठला करू नको म्हणावं.”

सुन-ओकच्या दिराचं म्हणणं सरळ होतं. अग्निशमनवाल्यांना फोन कर, दोन मिनिटांत दार काढतील, दोघे जण उचलून खाली आणतील. पण अशा मुलांच्या आईबापांसाठी गावात जो गट चालत असे, तिथल्या प्यो सरांनी तिला एका बापाची हकिकत सांगितली होती. त्यानं हातोड्यानं कुलूप फोडलं. मुलगा खिडकीतून गेला. दुसरा मजला होता, म्हणून वाचला. ही हकिकत ऐकल्यापासून सुन-ओकला मजले मोजायची सवय लागली होती. बसमधून जाताना कुठलीही खिडकी दिसली की ती खालून मोजे. एक, दोन, तीन, चार.

गटाची बैठक दर गुरुवारी दुपारी साडेचारला होई. त्या गुरुवारी टेबलाभोवती सात आईबाप होते. प्यो सर पस्तिशीचे होते आणि बोलताना आवाज कधी चढवत नसत. त्यांनी प्रत्येकापुढे चार पानं ठेवली.

“ही ती स्वभावाची चाचणी,” ते म्हणाले. “तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी दिली असेल. साठ वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्याखाली सात गोल. डावीकडचा काळा केला तर पूर्ण मान्य, उजवीकडचा तर अजिबात नाही. आज फक्त एकच फरक. स्वतःसाठी भरायची नाही. मुलाच्या जागी बसून भरायची.”

चाचणी कुणाला नवी नव्हती. सुन-ओकच्या तरुणपणी पोरीबाळी एकमेकींचा रक्तगट विचारत, आता या चाचणीतून निघणारी चार इंग्रजी अक्षरं विचारतात. भात वाढून घेताना तिसरीतली पोरंसुद्धा तिला विचारत, काकू, तुमची अक्षरं कुठली? पहिलं अक्षर ‘ई’ आलं तर माणूस चारचौघांत फुलणारा, ‘आय’ आलं तर आपल्यातच राहणारा. दुकानात विक्रेती हवी असेल तर दारावर पाटी लागे, पहिलं अक्षर ‘ई’ असेल तरच या. पण सुन-ओकनं ती कधी दिली नव्हती. नऊशे पोरांचा भात शिजवणाऱ्या बाईला आपला स्वभाव शोधायला सवड नव्हती.

तिनं पेन्सिल घेतली. ‘पाहुणे येणार म्हटलं की तुम्हाला हुरूप येतो.’ ग्यूहा लहानपणी मावशी यायची म्हटलं की खिडकीत जाऊन बसे. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आता? ‘काम दुसऱ्यावर सोपवण्यापेक्षा तुम्ही स्वतःच उरकता.’ माहीत नाही. ‘दुःखाचा प्रसंग बघताना तुम्हाला पटकन रडू येतं.’ वडिलांच्या अंत्यविधीला तो रडला नव्हता. पण ती स्वतःच इतकी रडत होती की नीट बघितलं असं छातीठोकपणे सांगता येईना. माहीत नाही. माहीत नाही. अर्ध्या तासात तिनं साठपैकी अकरा वाक्यांवर गोल काळे केले. उरलेल्या एकोणपन्नास वाक्यांना मधला गोल.

शेजारचे गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी तिच्या कागदाकडे बघितलं आणि आपला कागद तिच्याकडे सरकवला. त्यांचे नऊच भरले होते.

“तुम्ही माझ्यापेक्षा दोननं पुढं आहात,” ते म्हणाले.

निघताना तिनं प्यो सरांकडे एक कोरी प्रत मागितली. कशाला, हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघण्याआधी तिनं ताटाशेजारी ती चार पानं ठेवली. वर नवं टोक काढलेली पेन्सिल. नावाची जागा कोरीच ठेवली. दाराशी वाकून ती म्हणाली, “ग्यूहा, वाटलं तर भर. नाहीतर राहू दे.” गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सात वाजता भटारखान्यात पोहोचली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे घर हलवायच्या आधीच्या शनिवारी, सकाळी रिकाम्या ताटाखाली पानं होती. भरलेली. साठच्या साठ.

सुन-ओक तिथेच जमिनीवर बसली. दोन वर्षं सात महिन्यांत मुलाकडून आलेली ही पहिली वस्तू होती. गोल काळजीपूर्वक काळे केले होते, एकही रेघ बाहेर गेलेली नव्हती. तो शाळेतही असाच रंग भरी. फक्त एका जागी काहीतरी लिहिलेलं होतं. बावन्नावं वाक्य होतं: ‘काही वेळ आसपास कुणीच नसावं असं तुम्हाला वाटतं.’ त्याखाली पूर्ण मान्यचा गोल काळा केला होता आणि समासात बारीक अक्षरात, ‘१५ मि.’

सोमवारी ती पानं घेऊन भटारखान्यात गेली. यांगमी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, मोठ्या कढयांवरची जोडीदारीण. एवढी मोठी गोष्ट विचारायला सुन-ओककडे तिच्याशिवाय कुणी नव्हतं. भांडी धुऊन झाल्यावर दोघी पालथ्या टोपल्यांवर बसल्या. यांगमीनं रबरी हातमोजे काढले, फोनवर चाचणी उघडली आणि एकेक उत्तर भरत गेली.

“हुरूप येतो, पूर्ण मान्य. बघा. ताई, हा पोरगा आत बसून कुणाची वाट बघतोय?”

“पुढचं.”

“शेजाऱ्यांच्या अडचणीला धावून जाता. पूर्ण मान्य. हे तर तुमच्यावर गेलं. रडू येतं, पूर्ण मान्य.” यांगमी थांबली. “रडतो का तो?”

“मला काय माहीत.”

साठावं वाक्य संपलं आणि फोनवर चार अक्षरं उमटली. पहिलं ‘ई’ होतं. यांगमीनं फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला.

“ई, ताई. माझ्या थोरलीचं अक्षर. असली माणसं एकटी ठेवली की वाळून जातात. त्यांना माणसं लागतात. तुम्ही अडीच वर्षं दाराबाहेर चवड्यांवर चालताय. तिथंच चुकलं.”

“आणि हे?” सुन-ओकनं बावन्नाव्या वाक्यावर बोट ठेवलं. “कुणी नसावं असं वाटतं म्हणतोय.”

यांगमीनं कागद जवळ घेतला. “पंधरा मिनिटं लिहिलंय की. म्हणजे एकटं राहायला लागतं ते फक्त पंधरा मिनिटं. नाहीतर असं बघा, आलेल्या माणसानं पंधरा मिनिटं थांबावं, त्याच्या वर नको. किती शहाणा आहे. वेळसुद्धा लिहून दिली.”

सुन-ओकला ते पटलं. खरं तर तिला पटवून घ्यायचं होतं. पाच दिवस उरले होते आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हातात काय करायचं ते दिलं होतं. संध्याकाळी तिनं जुन्या डायरीतून बॉमसूचा नंबर शोधला. हा ग्यूहाचा शाळेतला मित्र. आता चष्म्याच्या दुकानात होता आणि दोन मुलींचा बाप झाला होता.

मंगळवारी दुपारी चार वाजता तो आला. एका हातात तळलेल्या कोंबडीचा खोका, दुसऱ्या हातात कोल्ड्रिंकची बाटली. चार मजले चढून त्याला धाप लागली होती.

“काकू, किती वेळ द्यायचा?”

“पंधरा मिनिटं. एक मिनिट वर नाही.”

“दुकानात गिऱ्हाईकाला वीस देतो मी,” तो हसून म्हणाला आणि बंद दारासमोर मांडी घालून बसला. “ग्यूहा. अरे, मी आहे. टक्कल पडलंय मला, बघायचं असेल तर दार उघड, फुकट दाखवतो. कोंबडी आणलीय. सगळे पाय तुझे. तुला आठवतं का, सहलीला तू माझा पाय चोरला होतास. त्याचा हिशेब अजून बाकी आहे. गँगमध्ये सगळे विचारतात तुझ्याबद्दल. म्योंगसू, छोटा क्वोन, सगळे. शनिवारी तुझं घर हलवायला आम्ही पाच जण येऊ म्हणतो. काय म्हणतोस? आख्खी पलटण आणू.”

सुन-ओक स्वयंपाकघराच्या दारातून घड्याळ बघत होती. सातवं मिनिट चालू होतं. आतून आवाज आला. प्रथम तिला वाटलं, तो उठला. मग लाकूड जमिनीवर घासल्याचा लांब, जड आवाज. टेबल. त्यामागून पुस्तकांचं कपाट. दोन्ही वस्तू दाराला येऊन भिडल्या आणि दाराची फळी आतल्या बाजूनं एकदा दणकली.

बॉमसू उठला. त्याचं हसू गेलं होतं. खोका उचलावा की ठेवावा हे त्याला कळेना.

“काकू, मी काही चुकीचं बोललो का?”

“नाही रे बाळा. तू कोंबडी घेऊन जा. मुलींना दे.”

त्या संध्याकाळचं ताट तसंच राहिलं. बुधवारी सकाळचं आणि संध्याकाळचंही. गुरुवारी सकाळी तिनं मुळ्याच्या सूपवरचा गोठलेला थर चमच्यानं बाजूला केला, भात बदलला, अंड्याच्या पोळीची गुंडाळी नवी ठेवली. ताटाला हात लागलेला नव्हता. तिनं दाराला कान लावला. खुर्चीची चाकं फिरत नव्हती. खोकलाही नव्हता. ती शाळेला सुट्टीचा निरोप द्यायला निघाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण घरी असलो तर तो न्हाणीघरातही जाणार नाही. म्हणून ती कामावर गेली. दिवसभर कढई ढवळायचं फावडं फिरवत होती आणि दर दहा मिनिटांनी यांगमीला विचारत होती, किती वाजले. यांगमी तिच्या नजरेला नजर देत नव्हती.

“ताई, मी बोलायला नको होतं,” शेवटी ती म्हणाली.

“तू काय करणार. अक्षर तर तेच आलं.”

साडेचारला बैठक होती. घरी जायची हिंमत नव्हती म्हणून ती तिथे गेली. प्यो सरांनी पुन्हा तीच चार पानं वाटली आणि म्हणाले, “आज स्वतःसाठी. मागच्या वेळी किती कमी माहीत आहे ते बघितलं. आज निदान एका माणसाची तरी सगळी उत्तरं येतील.” पोस्टमास्तर पुटपुटले, “तीही येतील की नाही देव जाणे.” दोघं-तिघं हसले.

सुन-ओकचे गोल भराभर भरत गेले. विचार करायला ताकद नव्हती, म्हणून खरं तेच भरलं गेलं. पाहुणे, हुरूप येतो. काम, स्वतःच उरकते. रडू, पटकन. शेजारी, धावते. भरून झाल्यावर तिनं पिशवीतून ग्यूहाची पानं काढून शेजारी ठेवली. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. चार दिवस ती पानं तिच्याबरोबर सगळीकडे फिरत होती, एवढंच.

पहिलं पान सारखं होतं. गोल न गोल. दुसऱ्यावर एक वेगळा. तिनं बोट ठेवून पुन्हा बघितलं. तिसरं पान सारखं. प्यो सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“ही दुसरी कुणाची?”

“ग्यूहाची.”

सरांनी दोन्ही पानांवरून नजर फिरवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. “ग्यूहाच्या आई,” ते हळू म्हणाले, “सख्खी जुळी भावंडं असली तरी साठपैकी सत्तावन्न जुळत नाहीत.”

तिला कळलं होतं, पण ते बाहेर यायला वेळ लागत होता. ग्यूहानं स्वतःबद्दल एकही गोल भरला नव्हता. भिंतीच्या आड बसून त्याला जे एकच माणूस ऐकू येत होतं, ते त्यानं लिहिलं होतं. फोनवर ती बहिणीशी कशी बोलते, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला लोणचं द्यायला किती वेळा धावते, मालिका बघताना केव्हा नाक ओढते. तिला मुलाची अकरा वाक्यं आली होती. मुलाला तिची साठ.

तीनच वाक्यं जुळत नव्हती. ‘एकदा ठरवलं की तुम्ही ते शेवटाला नेता’ याला तिनं नाही भरलं होतं, त्यानं पूर्ण मान्य. ‘लोक तुम्हाला ओळखतात तसेच तुम्ही आहात’ याला तिनं हो म्हटलं होतं, त्यानं नाही. आणि बावन्नावं. ‘काही वेळ आसपास कुणीच नसावं असं तुम्हाला वाटतं.’ तिनं अजिबात नाही भरलं होतं. त्यानं पूर्ण मान्य. १५ मि.

तेव्हा सुन-ओकला जिना आठवला.

रोज दुपारी कामावरून परत येताना तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, जिना वळतो तिथल्या पायरीवर ती बसे. पिशवी मांडीवर घेई आणि भिंतीला डोकं टेकून काहीच करत नसे. सुरुवातीला गुडघ्यासाठी. मग गुडघा दुखत नसला तरी. त्या पायरीवर ती कुणाची आई नव्हती. वर गेलं की ते बंद दार होतं. कधी कधी त्या पायरीवर तिच्या मनात असं यायचं, की आपण वर गेलो आणि घर नुसतं रिकामं असलं तर. ते ती तिथेच सोडून उठे, दाराच्या कुलपाचा आकडा दाबे आणि ‘आले रे’ म्हणत आत शिरे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती पायरी ज्या भिंतीला लागून होती, त्या भिंतीच्या पलीकडे ग्यूहाची खोली होती. पावलं येतात, थांबतात, पंधरा मिनिटांनी पुन्हा चढतात. दोन वर्षं सात महिने तो मोजत होता.

“मी मित्र बोलावला त्याच्या दाराशी,” ती प्यो सरांना म्हणाली. “माझा स्वभाव बघून.”

“आता काय करणार?”

“तुम्ही सांगा ना. तुम्ही सर आहात.”

प्यो सरांनी ती पानं एकत्र करून तिच्यापुढे ठेवली. “मला नाही माहीत,” ते म्हणाले. त्यांनी असं म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या दिवशी ती जिन्याच्या वळणावर आली आणि तिचे पाय थांबले. तो ऐकत असणार. बसले तर ऐकेल, न बसता गेले तर तेही ऐकेल. ती बसली. घड्याळाकडे बघितलं नाही. भिंतीला डोकं मात्र टेकलं नाही, हात लावून बसली. वर गेल्यावर ताट तसंच होतं, पण ताटाशेजारी ठेवलेली पाण्याची बाटली नव्हती. शुक्रवारी सकाळी ताटातला भात संपलेला होता, बाकी सगळं तसंच. तिनं तो रिकामा वाडगा दोन्ही हातांत धरून धुतला.

शनिवारी आठला दहा कमी असताना गाडी आली. तीन पुरुष आणि स्वयंपाकघराचं सामान बांधणारी एक बाई. शिडीवाला खालीच राहिला. बाकीच्यांनी बैठकीची खोली वीस मिनिटांत पेट्यांत भरली आणि पेट्या त्या बंद दारासमोर आणून रचल्या, कारण पुढे जायला वाटच नव्हती. मुकादमानं घड्याळ बघितलं.

“काकू, खिडकी लागेल आता. दुपारी दोनला दुसरं घर आहे आमचं.”

“पाच मिनिटं बाहेर थांबता का? सगळे.”

ते जिन्यावर गेले. दिराचा फोन दोनदा वाजला, तिनं घेतला नाही. त्यानं सांगून ठेवलं होतं, साडेआठपर्यंत तुझा फोन आला नाही तर मीच अग्निशमनला कळवतो. आठ वाजून सतरा मिनिटं झाली होती. ती दाराशी बसली. तिनं दोन दिवस खूप काही ठरवलं होतं, ऊब देणारं, समजावणारं. त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना.

“ग्यूहा,” ती म्हणाली. “बावन्न नंबर तू बरोबर लिहिलास. मी माझ्या कागदावर खोटं लिहिलं होतं.”

तिनं कपाळ दाराला टेकलं.

“मी तिथं बसते तेव्हा मला वाटतं, वर कुणी नसतं तर बरं झालं असतं. तू नसतास तर. रोज नाही वाटत. पण वाटतं. तुला ते ठाऊक होतं आणि तरी तू ताट धुऊन ठेवायचास.” तिला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही. “मग मी उठून वर येते. तेही खरंच आहे. त्याचा काळा गोल कुठं करायचा, ते मला कळलं नाही. तिथं वाक्यच नव्हतं.”

तिनं वाट बघितली. मग आतून लाकूड घासल्याचा आवाज आला. कपाट. त्यामागून टेबल. ती उठून उभी राहिली, भिंतीला धरून. कडीला हात लागेल म्हणून ती दाराकडे बघत होती.

कडी वाजली नाही. वाजली ती खिडकी. गंजलेल्या खाचेतून काच सरकल्याचा आवाज, मग जाळी सरकल्याचा, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज एकदम दाराखालच्या फटीतून आत आला.

सुन-ओकच्या तोंडून हाक फुटली नाही. एक, दोन, तीन, चार. तिनं दारावर दोन्ही तळवे मारले, मग खांदा, मग पुन्हा तळवे. मी का बोलले. मी का बोलले ते. जिन्यावरून माणसं धावत आत आली, मुकादमानं तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि दाराला खांदा लावायला मागे सरकला. त्याच वेळी त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. खालून शिडीवाला बोलत होता.

“वर कोण आहे रे त्या खिडकीत? पोरगं म्हणतंय, शिडी डावीकडे घ्या, इकडं केबल लोंबतेय. खरंच लोंबतेय. मला खालून दिसली नव्हती.”

मुकादम तसाच थांबला. “आणि?”

“आणि काय. डावीकडे घेतो.”

शिडी टेकल्याचा धक्का भिंतीतून सगळ्यांना जाणवला. मग कडी निघाली.

ग्यूहा दारात उभा होता. केस खांद्यापर्यंत आले होते. चेहरा इतका पांढरा होता की स्वयंपाकघरातली बाई क्षणभर हातातला कागद गुंडाळायची विसरली. त्याच्या मागे खोली होती आणि खोलीतली पुस्तकं दोरीनं बांधलेली, एकावर एक, उंचीप्रमाणे. केव्हापासून बांधत होता, कुणास ठाऊक. तो कुणाकडेच बघत नव्हता. दाराच्या चौकटीला त्यानं इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची नखं पिवळी पडली होती.

मुकादमानं आपल्या माणसांना मानेनं खूण केली आणि ते पेट्या उचलायला लागले, जणू रोज असंच होतं.

बूट जिथे ठेवले होते तिथेच होते. सुन-ओक रोज सकाळी त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवी. ग्यूहानं पाय घातले, एक पाऊल टाकलं, आणि डाव्या बुटाचा तळ तुकडे होऊन जमिनीवर पडला. दुसऱ्या पावलाला उजव्याचा. इतके दिवस पडून राहून रबर कुजलं होतं. तो त्या तुकड्यांकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता परत फिरेल.

तिनं आपल्या सपाता काढून त्याच्यापुढे ठेवल्या. टाचा बाहेर राहत होत्या. तिनं दिराला ‘निघालो’ एवढा निरोप पाठवला आणि स्वतः मोज्यांवर निघाली.

अर्धा मजला उतरायला त्याला बराच वेळ लागला. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. खालून कुणीतरी मोठ्यानं हसल्याचा आवाज आला आणि तो वळणावर थांबला. त्याचा श्वास लागला होता, अंगाला घामाचा वास येत होता. तो खाली बसला. त्याच पायरीवर. सुन-ओक शेजारी बसली. मांडीवर पिशवी नव्हती, म्हणून हात कुठे ठेवावे तिला कळेना. भिंतीच्या पलीकडे माणसं त्याची खोली रिकामी करत होती. खुर्चीची चाकं घरंगळत गेली. ते इथून किती स्पष्ट ऐकू येतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“थोडा वेळ बसू,” ती म्हणाली. “पंधरा मिनिटं.”

ग्यूहानं दोनदा तोंड उघडलं. आवाज फुटायला वेळ लागला, आणि आला तेव्हा तो तिच्या ओळखीचा नव्हता.

“अठरा,” तो म्हणाला. “मंगळवारी अठरा लागतात तुला.”

मंगळवारी भटारखान्यात मोठी कढई घासायची पाळी तिची असे. खालून गाडीचा भोंगा वाजला. त्यानं तिची बाही मुठीत धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. खाली अजून तीन मजले होते.